खालसा, विलीन आणि समाविष्ट

मागच्या वेळी आपण सातबारावरचे शब्द पाहिले. आज मुलूख ताब्यात घेण्याचे शब्द पाहू.

पहिला शब्द 'खालसा'. हा मूळचा अरबी, अर्थ शुद्ध, निर्भेळ. ज्या जमिनीचा सारा इनामदार-जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारात जमा होई, ती खालसा जमीन. त्यावरून 'खालसा करणे' म्हणजे दुसऱ्याचा हक्क मोडून मुलूख सरकारजमा करणे.

जिंकणे वेगळे. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, ते लढाईनंतर. सातारा मात्र १८४८ मध्ये लढाईवाचून, कागदावर गेला. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरणापूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि राज्य खालसा झाले. १८५४ मध्ये हेच कारण देऊन लक्ष्मीबाईंची झाशी खालसा केली.

दुसरा शब्द 'विलीन'. आपल्या जिल्ह्यातले भोर हे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. इथे संस्थानिकाने करारावर सही केली. म्हणून भोर खालसा झाले, असे आपण म्हणत नाही.

तिसरा शब्द आजचा, 'समाविष्ट'. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. शब्द मऊ आहे, पण बदल मोठा. ग्रामपंचायत बरखास्त होते, ग्रामसभा संपते, घरपट्टी पालिकेच्या दराकडे जाते. आपल्या शेताची मालकी मात्र त्यामुळे सरकारकडे जात नाही. कुणी तशी भीती घालून स्वस्तात जमीन मागत असेल, तर सही करू नका.

गाव समाविष्ट करण्याआधी सरकार मसुदा प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत हरकती-सूचना मागवते. त्या लेखीच द्याव्या लागतात. पाणी कधी येणार, पट्टी किती वाढणार, गायरानाचे काय, हे प्रश्न आधी महिला ग्रामसभेत मांडा. गटाच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्या.

कुठलाही असा शब्द कानावर आला की दोन गोष्टी विचारायच्या: हक्क कुणाचा होता, आणि त्याला कुणी विचारले का? साताऱ्याला कुणी विचारले नाही. आपल्याला हरकत घ्यायची सोय आहे, ती वापरू या.