नर्मदेवरील ‘गोल्डन ब्रिज’ : जुन्या लोखंडी पुलाचा धडा

अमरकंटक येथे उगम पावणारी नर्मदा जबलपूरनजीक भेडाघाटच्या संगमरवरी घळईतून वाहते, नंदुरबार जिल्ह्यात महाराष्ट्राची सीमा बनते आणि सुमारे १,३१२ किलोमीटरचा प्रवास करून भरूचजवळ खंबातच्या आखातास मिळते. जबलपूरला अरुंद घळईत वाहणारी हीच नदी भरूचला विस्तीर्ण होते. तेथील ‘गोल्डन ब्रिज’ हा भारतीय सेतुबांधणीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय.

मुंबईला गुजरातशी जोडणाऱ्या लोहमार्गावरील पूर्वीच्या पुलाचे पुरांमुळे वारंवार नुकसान होत असे. पुराच्या वेगवान प्रवाहात खांबांभोवतीची वाळू वाहून जाते व पाया उघडा पडतो; वाळूच्या पात्रातील पुलांना हाच मोठा धोका असतो. म्हणून १८७७ मध्ये नव्या पुलाचे काम सुरू होऊन तो १८८१ मध्ये खुला झाला. त्याची लांबी सुमारे १,४१२ मीटर आहे. एवढ्या खर्चात सोन्याचा पूल झाला असता, या लोकसमजुतीतून त्याचे नाव रूढ झाले.

या पुलाचे गाळे त्रिकोणी सांगाड्यांचे आहेत. त्रिकोणाचा आकार सहसा बदलत नाही. त्यामुळे काही दांडे ताण, तर काही दाब सोसून भार खांबांकडे पोहोचवतात. लोखंड उष्णतेने प्रसरण पावते. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास १०० मीटर लांबी सुमारे साडेतीन सेंटिमीटरने वाढते. म्हणूनच लोखंडी पुलात प्रसरणासाठी फट राखावी लागते.

१९३५ मध्ये शेजारी ‘सिल्व्हर ज्युबिली’ हा रेल्वेपूल झाल्यावर जुना पूल पुढे रस्ता वाहतुकीसाठी वापरात आला. अरुंदपणामुळे त्यावर वाहनांची कोंडी होत असे. जुलै २०२१ मध्ये नर्मदा मैया पूल खुला झाल्यानंतर जुन्या पुलावरील वाहनांची वाहतूक थांबविण्यात आली.

पर्याय उभा राहिल्यावर जुन्या पुलास विश्रांती देणे, हा या कथेतील खरा धडा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. जून २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने पडून चौघांचा मृत्यू झाला. गंज, झिजलेले सांधे व पायाची धूप यांची नियतकालिक तपासणी, भारमर्यादेचे कठोर पालन आणि वेळेवर पर्यायी पूल ही त्रिसूत्री पाळली, तरच वारसा टिकेल आणि प्रवाशांचे प्राणही सुरक्षित राहतील.