मोसंबीच्या सालीवर माशी का बसते?

विंचूरच्या तीन पाटीवर गाडी थांबली की मोसंबीचा रस प्यायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. नाशिकहून आलेला रस्ता इथून येवल्याकडे आणि पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जातो, एक फाटा लासलगावला वळतो. गाव कांद्याचं आणि द्राक्षांचं. मोसंबी इथली नव्हे, ती याच रस्त्याने उलटी येते, जालन्याच्या बाजूने. रसवाल्याने ग्लास पुढे केला आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "लगेच प्या, ठेवला तर कडू होतो." गाडीमागे सालींचा आणि चोथ्याचा ढीग होता आणि त्याच्यावर माश्या घोंगावत होत्या.

एरवी लक्ष गेलं नसतं. पण त्याच दिवशी सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप आला होता : मोसंबी-लिंबाच्या साली घरात कोपऱ्याकोपऱ्यात ठेवा, एकही किडा फिरकणार नाही.

"मामा, या सालींना माश्या लागतात का हो?"

"लागत्या म्हणजे? दिसत्या ना तुम्हाला! संध्याकाळी शेळीवाला घेऊन जातो, तोवर हाकलत बसायचं."

आता निरोप खोटा म्हणावा, तर शास्त्र त्याच्या बाजूने थोडं तरी बोलतं. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत कीटक मारणारं द्रव्य आहे, यात शंका नाही. आणि मामा खोटं बोलत होते म्हणावं, तर माश्या समोर बसलेल्या.

लहानपणी संत्र्याची साल दुमडून भावंडाच्या डोळ्यांसमोर चिमटीत दाबायचा खेळ कुणी खेळला नसेल असं मला वाटत नाही. चर्रकन बारीक फवारा उडायचा आणि डोळे चुरचुरायचे. तोच फवारा मेणबत्तीच्या ज्योतीवर मारला की तडतड ठिणग्या. फुगवलेल्या फुग्यावर उडवला तर काही क्षणांत फुगा फट्ट. हे तीन खेळ म्हणजे सालीच्या रसायनशास्त्राचे तीन धडे आहेत. सालीचा रंगीत पापुद्रा नीट पाहिला तर त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. त्यांतल्या तेलात मुख्य द्रव्य असतं लिमोनीन. संत्र्याच्या सालतेलात ते नव्वद टक्क्यांच्याही वर असतं, लिंबाच्या तेलात त्याहून कमी. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार, म्हणून ते पेटतं. पाण्यात विरघळत नाही, पण रबर, मेण, थर्माकोल यांना मात्र विरघळवतं. सोनी कंपनीने जपानमध्ये टाकाऊ थर्माकोलचा पुनर्वापर करायला हेच द्रव्य वापरलं होतं.

मेण विरघळतं, इथेच कीटकांचा संबंध येतो. मुंगी, मावा, झुरळ यांच्या कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने दिलेला हा रेनकोटच, फक्त उलटा, आतलं पाणी आत ठेवणारा. लिमोनीन अंगावर पडलं की या थराला धक्का बसतो, शिवाय कीटकाच्या मज्जासंस्थेवरही ते काम करतं. कीटक तडफडतो, उलटा होतो. अमेरिकेत लिमोनीनची कीटकनाशक म्हणून नोंदणी झाली ती १९५८ साली. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांपासून मुंग्यांपर्यंत अनेक कामांसाठी ते तिथे विकलं गेलं. पण त्याची ताकद बेताची आहे, हेही संशोधकांनी नोंदवून ठेवलंय. नुसत्या वाफेने धान्यातले सोंडे किंवा झुरळं मारायची तर ती फार दाट लागते. अंगावर थेट पडलं तर उपयोग, आणि तोही ताजं असेपर्यंत. तासाभरात ते हवेत उडून जातं.

म्हणून मामांच्या ढिगावर माश्या. तेल पिशव्यांमध्ये कोंडलेलं. सुरीने ज्या पिशव्या फुटल्या त्यांतलं केव्हाच उडून गेलेलं. मागे उरला गोड रस लागलेला चोथा. घरमाशीला यापेक्षा मोठी मेजवानी कोणती?

आणि चिलटांची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की फळांवरचं चिलट अंडी घालायला लिंबूवर्गीय फळंच पसंत करतं आणि त्याला तिथे खेचून नेणाऱ्या वासांत आपलं लिमोनीनही आहे. कारणही त्यांनी शोधलं. चिलटांच्या अळ्यांमध्ये अंडी घालून त्यांना आतून खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. त्यांना संत्र्याचा वास सोसत नाही. म्हणजे चिलटाने आपल्या लेकरांसाठी शत्रू फिरकणार नाही असा वाडा निवडला! विंचूरला वाईन पार्क आहे, राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं त्यातून उभा राहिलेला. आंबणाऱ्या द्राक्षांवर चिलटं कशी तुटून पडतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्याच चिलटांना आपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात साली ठेवून आमंत्रण देतो.

निरोपाचा दुसरा भाग होता काढ्याचा : साली पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळा, फवारा. हे मी स्वतः करून बघितलं. घरभर सुंदर वास सुटला आणि औषध तयार झालं असं वाटलं. खरं तर त्याच वेळी औषध खिडकीतून निघून गेलं होतं. सालतेल पाण्यात मिसळत नाही, वाफेबरोबर मात्र झटकन वर जातं. अत्तरवाले याच गुणाचा उपयोग करतात, ते वाफ नळीतून नेऊन थंड करतात आणि वर तरंगणारं तेल काढून घेतात. आपण भांडं उघडं ठेवतो. गाळून उरतो तो पिवळसर, किंचित कडवट पाण्याचा काढा. मुंग्यांनी त्याची दखल घेतली नाही.

तेल असतं तरी किती, हाही हिशेब करावा. शंभर किलो संत्र्यांतून यंत्राने साधारण पाव किलोच्या आसपास सालतेल निघतं. त्या मापाने डझनभर मोसंब्यांच्या सालीतून, कारखान्याइतकं कसब आपल्याकडे असलं तरी, चमचा-दीड चमचा. ते लिटरभर पाण्यात घातलं तर एक टक्कासुद्धा होत नाही. अमेरिकेत मिळणाऱ्या अशा एका फवाऱ्यात लिमोनीन पाच-सहा टक्के असतं. आपला घरगुती फवारा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मग करायचं काय? जे थोडं तेल आहे ते वाया जाऊ द्यायचं नाही. साली ताज्या घ्याव्यात, वाळलेल्या नकोत. वाळलेल्या साली शिकेकाईत आणि उटण्यात जाव्यात, तिथे त्यांचं काम आहे. ताज्या सालीचा रंगीत भाग किसणीवर किसावा, आतला पांढरा भाग टाकावा. कीस खलबत्त्यात ठेचून कोमट पाण्यात घालावा, झाकण घट्ट लावावं आणि रात्रभर ठेवावं. सकाळी फडक्यातून पिळून गाळावं. आता त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे आठ-दहा थेंब. साबण महत्त्वाचा, त्याच्यामुळे तेलाचे कण पाण्यात पसरून राहतात. बाटली हलवून लगेच वापरावी. जास्वंदीच्या शेंड्यावरचा मावा, कुंडीतला पिठ्या ढेकूण (द्राक्षवाले ज्याला मिलीबग म्हणतात), ओट्यावरची मुंग्यांची रांग, यांच्यावर थेट मारावी. झाडावर मारायची तर आधी एका पानावर, आणि ऊन उतरल्यावर. झुरळांच्या अंड्यांच्या कोषाला, वाळवीला, डासांना या फवाऱ्याने काही होणार नाही. डेंगी पसरवणाऱ्या डासासाठी साठलेलं पाणी ओतून टाकणं हाच खरा घरगुती उपाय आहे. अर्ध्या लिंबात लवंगा टोचून उशाशी ठेवणाऱ्यांनी मच्छरदाणीही लावावी.

सध्या 'बायोएन्झाइम'ची हवा आहे : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. ही पद्धत थायलंडहून जगभर पसरली. आंबताना गुळाचं आम्लात आणि थोड्या अल्कोहोलमध्ये रूपांतर होतं, ते पाणी फरशी आणि बेसिन पुसायला छान. सालींचा कचराही कमी होतो. पण ते साफसफाईचं द्रव्य आहे, त्याला कीटकनाशक म्हणू नये. बरणी काचेची घेऊ नये आणि पहिला महिनाभर झाकण रोज सैल करावं, आत वायू साठतो. गुळाचं पाणी ओट्यावर सांडलं तर मुंग्या येतील त्या वेगळ्याच.

मामांच्या "कडू होतो" या वाक्याकडे परत जाऊ. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होतो, कारण बियांत आणि पांढऱ्या भागात लिमोनॉइड जातीची द्रव्यं असतात, ती रसात हळूहळू कडू रूप धारण करतात. पुष्कळ कीटकांना ही चव नकोशी असते. आता गंमत बघा. कडुलिंबाच्या निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन, जे १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं आणि ज्याच्या जोरावर आपला निंबोळी अर्क चालतो, तेही लिमोनॉइडच. मोसंबी-लिंबू आणि कडुलिंब ही वनस्पतिशास्त्रात शेजारच्या कुळांतली झाडं आहेत. रसायनशास्त्रज्ञांनी या द्रव्यांना लेमनवरून नाव दिलं, आणि तो शब्द अरबी-फारसी मुक्काम करत गेलेला आपल्याकडचाच निंबू. मराठीने तर एकाला लिंब म्हटलं आणि दुसऱ्याला लिंबू. प्रयोगशाळा नसताना! अर्थात हा योगायोग आहे, पण लेखात टाकल्यावाचून राहवलं नाही. व्यवहाराचं सांगायचं तर कडू चुलत्याची ताकद मोठी आहे. कुंडीतल्या झाडांवर निंबोळी अर्क सालीच्या पाण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज मात्र सोडावा. तंबाखूतलं निकोटिन नैसर्गिकच. आपण रात्री लावतो त्या डासांच्या वेटोळ्याचं मूळही एका फुलात आहे. जपानमधल्या वाकायामाचा एइइचिरो उएयामा हा संत्रीवाल्याचा मुलगा. त्याने एका अमेरिकी व्यापाऱ्याला संत्र्यांची रोपं दिली, बदल्यात त्याला १८८६ च्या सुमारास पायरेथ्रमच्या फुलांचं बी मिळालं. त्यातून १८९० मध्ये डासांची उदबत्ती निघाली, आणि पुढे बायकोच्या सल्ल्याने तिचं वेटोळं झालं. आजच्या वेटोळ्यांत आणि द्रवांत त्या फुलातल्या द्रव्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली रसायनं असतात. सालतेलही निर्धोक नाही. ते डोळ्यांना झोंबतं आणि पेटतं, म्हणून शेगडीजवळ फवारू नये. हवा लागून जुनं झालेलं तेल काहींच्या त्वचेवर पुरळ उठवतं. लिंबाचा रस हाताला लागून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. मांजरांना लिमोनीन बाधतं, घरात मांजर असेल तर हा खटाटोप करूच नये. आणि बचत गटाने बाटल्या भरून 'कीटकनाशक' म्हणून विकायचं ठरवलं, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. केरळमध्ये १९५८ साली पॅराथिऑन सांडलेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली, त्यानंतर आलेला हा कायदा आहे.

इथल्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराला यातलं काही नवीन नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांची कोंडी झाली, तेव्हापासून कुठल्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे बागेत पाठ असतं. शेजारच्या लासलगावात तर २००२ पासून विकिरण प्रक्रियेचं केंद्र आहे, अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याच्या कोयीतल्या भुंग्याचा बंदोबस्त तिथे औषधाचा थेंब न वापरता होतो. पण तोच बागायतदार घरी आला की झुरळ दिसताच कीटकनाशकाचा डबा उचलतो आणि उघड्या भाकरीच्या टोपलीशेजारी फवारतो. मात्रा किती, थांबायचं किती, कुणी विचारत नाही. सालीच्या पाण्याचा खरा उपयोग मला इथे वाटतो. दहातल्या चार वेळा, मुंग्यांच्या रांगेला किंवा कुंडीतल्या माव्याला, तो डबा उचलावा लागणार नाही.

चार हा आकडा माझ्या ओट्यावरचा आहे, तुमचा वेगळा निघेल. तो काढायची रीत सोपी आहे. तीन बाटल्या घ्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत साबणाचं पाणी, तिसरीत साबण आणि सालीचा अर्क. माव्याने भरलेले तीन शेंडे निवडा, प्रत्येकाला दोरा बांधून खूण करा, फवारायच्या आधी मावा मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. साबणाचं नुसतं पाणीही मावा मारतं, तेव्हा तिसरी बाटली दुसरीहून किती पुढे जाते तेवढंच सालीचं श्रेय. आठवडाभर करा, वहीत लिहा, आणि आकडे आमच्या पुरवणीला कळवा. साली मात्र ताज्या हव्यात. तीन पाटीवरून आणणार असाल, तर शेळीवाला यायच्या आत जा.