शस्त्रनियंत्रण आणि मानसिक आरोग्य
शस्त्रनियंत्रण आणि मानसिक आरोग्य : एकाच प्रसंगी अनेकांचे प्राण घेणाऱ्या सामूहिक गोळीबारानंतर सामान्यतः दोन प्रश्न उपस्थित होतात : हल्लेखोराची मनःस्थिती कशी होती आणि त्याच्या हाती शस्त्र कसे आले. पहिल्यावर भर देणारे मनोविकारांच्या उपचाराचा, तर दुसऱ्यावर भर देणारे शस्त्रांवरील निर्बंधांचा आग्रह धरतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६८ च्या कायद्याने, न्यायनिर्णयाने मनोविकल ठरलेल्या किंवा मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केलेल्या व्यक्तींना अग्निशस्त्र बाळगण्यास मनाई झाली. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केले. मृतांत मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. न्यायालयाने त्यास २००५ मध्ये उपचार घेण्याचा आदेश दिला होता. तथापि त्याची नोंद शस्त्रखरेदीच्या तपासणीयादीत झाली नव्हती. ही उणीव दूर करण्यासाठी २००८ मध्ये कायदा झाला. ऑस्ट्रेलियाने वेगळा मार्ग धरला. पोर्ट आर्थर येथे १९९६ मध्ये ३५ जण मारले गेल्यावर तेथे स्वयंभरण बंदुकांवर कडक निर्बंध घालण्यात आले आणि सुमारे साडेसहा लाख शस्त्रे शासनाने मोबदला देऊन परत घेतली.

भारतात १८७८ च्या वसाहतकालीन कायद्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ याने घेतली. येथे शस्त्र बाळगणे हा हक्क नसून ती परवान्याची बाब आहे. रायगड जिल्ह्यातील पालीच्या (ता. सुधागड) शेतकऱ्यास पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असल्यास अलिबाग येथील जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जदार मनोविकल असल्याचे सकारण वाटल्यास कलम १४ अन्वये परवाना नाकारावा लागतो. कलम १७ अन्वये दिलेला परवाना निलंबित वा रद्द करता येतो. शस्त्र नियम, २०१६ यांनुसार अर्जासोबत शारीरिक व मानसिक सुस्थितीचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. मात्र प्रमाणपत्र त्या वेळची स्थिती सांगते. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने या विषयास दुसरी बाजू दिली. केवळ मनोविकाराचे निदान झाले म्हणून कोणासही मनोविकल मानता येत नाही. तसे सक्षम न्यायालयाने घोषित करावे लागते. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक असले, तरी इतरांस होणारी इजा टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देता येते.

परवानापद्धतीची खरी मर्यादा ३१ जुलै २०२३ रोजी दिसून आली. जयपूर–मुंबई सेंट्रल गाडीत पहाटे शासकीय रायफलीतून झालेल्या गोळीबारात रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी व तीन मुस्लिम प्रवासी ठार झाले. आरोपी त्याच दलाचा शिपाई होता. कर्तव्यावरील लोकसेवकाचे शस्त्र कलम ४५ अन्वये अधिनियमाच्या कक्षेबाहेर असते. म्हणून त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी सर्वस्वी दलावर येते. आरोपीच्या मनोविकाराचा उल्लेख असलेले रेल्वेचे निवेदन नंतर मागे घेण्यात आले. आरोपपत्रात खुनाबरोबरच धार्मिक वैमनस्य वाढविल्याचाही आरोप आहे. यावरून मनोविकार हे एकच कारण पुढे केल्यास द्वेष, शिस्त व शस्त्रव्यवस्था यांची चौकशी मागे पडू शकते, हे ध्यानात येते.

अमेरिकेतील संशोधनानुसार एकूण हिंसाचारापैकी केवळ सुमारे चार टक्के हिंसा तीव्र मनोविकारांशी जोडता येते. पूर्वीचे हिंसक वर्तन, मद्यासक्ती आणि उघड धमक्या ही अधिक विश्वसनीय पूर्वचिन्हे होत. शस्त्र व मनोविकार यांचा निकटचा संबंध आत्महत्येच्या संदर्भात आढळतो : त्या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. निदान झाल्यास नोकरी वा प्रतिष्ठा जाईल, अशी भीती असली की माणूस आजार लपवितो आणि शस्त्र त्याच्याजवळच राहते. म्हणून सशस्त्र कर्मचाऱ्यांची नियतकालिक तपासणी, पुरेशी विश्रांती, उपचारकाळात शिक्षा न करता शस्त्र तात्पुरते काढून घेणे आणि घरगुती शस्त्रे कुलूपबंद ठेवणे, हे उपाय सरसकट बहिष्कारापेक्षा अधिक हितावह ठरतात. [⟶ मानसिक आरोग्य].