सही करण्यापूर्वी

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की आपल्याकडे एक ठरावीक खेळ सुरू होतो. या खेपेला कोण? दक्षिणेचा की उत्तरेचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, बाई की पुरुष? वर्तमानपत्रांतून नावे फिरू लागतात. ज्यांची नावे फिरतात ती मंडळी 'माझ्या मनात असे काही नाही' असे सांगत दिल्लीच्या वाऱ्या वाढवतात आणि अखेरीस भलत्याच कुणाच्या तरी दारात एके संध्याकाळी पोलिसांचा बंदोबस्त लागतो. द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. पाच वर्षांचा हिशेब धरला तर २०२७ च्या पावसाळ्यात हा खेळ पुन्हा रंगणार.

जात आणि प्रांत यांना काहीच अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. १९९७ साली के. आर. नारायणन यांच्या रूपाने एक दलित आणि २०२२ साली एक आदिवासी स्त्री त्या भवनात गेली, याचे मोल ज्यांना कळत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. पण ही झाली उमेदवाराची ओळख. उमेदवाराची पारख अजून व्हायचीच असते, आणि ती करण्याच्या भानगडीत आपण पडत नाही. 'राष्ट्रपतीला अधिकारच कुठे आहेत? तो तर रबरी शिक्का!' असे म्हणून आपण मोकळे होतो.

घटनाही मागते थोडेच. नागरिकत्व, पस्तीस वर्षे पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता, आणि लाभाचे पद नको. १९६७ साली सतरा उमेदवार उभे राहिले आणि त्यांतल्या काहींना एकही मत पडले नाही, तेव्हापासून हौशागवशांना आवर घालण्याचे उपाय निघाले. आता पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजारांची अनामत लागते. हौशे गेले. पण उरलेल्यांत काय पाहायचे, हे कोणत्याच कलमात लिहिलेले नाही.

मी एकच गोष्ट पाहीन. समोर आलेला कागद हा माणूस वाचतो का, आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारतो का?

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा जाहीरनामा राष्ट्रपतिभवनात गेला, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झालेली नव्हती; ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. 'मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?' एवढाच प्रश्न त्या रात्री विचारला गेला असता तर आणीबाणी टळली असती असे नाही, पण सकाळ उजाडेपर्यंत तरी थांबली असती. अबू अब्राहम यांनी पुढे काढलेले, न्हाणीघरात टबात बसून अध्यादेशावर सही करणाऱ्या राष्ट्रपतींचे व्यंगचित्र अजून लोकांच्या आठवणीत आहे.

आता हे दुसरे उदाहरण पाहा. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. पुढच्याच वर्षी वाजपेयी सरकारने बिहारसाठी तशीच शिफारस केली. तीही परत गेली. दोन सरकारे, दोन वेगळे पक्ष, आणि मोजमाप एकच. हा अधिकार काही नारायणन यांनी शोधून काढला नव्हता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो स्पष्ट शब्दांत दिला होता. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा परत पाठवता येतो. दुसऱ्यांदा आला तर मानावाच लागतो. एकदाच, पण त्या एकदामध्ये केवढे बळ आहे!

परत न पाठवताही प्रश्न विचारता येतात. २०१३ मध्ये दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींची खुर्ची वाचवणारा अध्यादेश आला तेव्हा प्रणव मुखर्जी यांनी गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे आणि कायदामंत्री कपिल सिब्बल यांना बोलावून विचारणा केली. त्यानंतर काँग्रेसमध्येच वादळ उठले आणि अध्यादेश मागे घेतला गेला. मुखर्जी तर हाडाचे काँग्रेसवाले! तेव्हा 'पक्षाचा माणूस नको' हा लोकप्रिय आग्रह मला तितकासा पटत नाही. उलट डॉ. कलाम कोणत्याच पक्षाचे नव्हते, तरी मे २००५ मध्ये मॉस्कोत असताना त्यांनी बिहार विधानसभेच्या विसर्जनावर सही केली, आणि ते विसर्जन सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. आपण राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले होते, हे कलामांनी पुढे स्वतःच सांगितले. त्याच कलामांनी २००६ साली लाभाच्या पदाचे विधेयक संसदेकडे परत धाडले. माणूस भला असणे आणि कागदाला अडवून धरणे, या दोन गोष्टी दरवेळी एकत्र येतातच असे नाही.

अडवून धरण्याचेही दोन प्रकार असतात. १९८६ चे टपाल विधेयक झैलसिंग यांनी नुसते ठेवून दिले. परतही नाही, सहीही नाही. लोकांची पत्रे फोडण्याचा तो कायदा अडला, हे बरेच झाले. पण कारण न सांगता फाइल दाबून बसण्याची सवय उद्या चांगल्या विधेयकालाही लागू शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या घटनापीठाने, राष्ट्रपती आणि राज्यपालांना संमतीसाठी न्यायालय मुदत घालू शकत नाही, असे मत दिले. म्हणजे घड्याळ पुन्हा त्या माणसाच्याच मनगटावर!

दयेच्या अर्जांचेही तेच. सल्ला मंत्रिमंडळाचाच असतो, पण फाइल किती दिवस पडून राहते यावर फाशीच्या कोठडीतला माणूस जगत वा मरत असतो. हा विलंब इतका असह्य ठरू शकतो की तेवढ्या कारणासाठी फाशीची जन्मठेप करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. उमेदवाराची छायाचित्रे छापताना हे कुणाच्या मनात येते?

मग हा गुण आधी ओळखायचा कसा? भाषणांतून नाही. पूर्वी कधी, नुकसान सोसून, त्या व्यक्तीने नकार दिला आहे का, ते पाहावे. इथे मला रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख आठवतात. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदासाठी उभेही राहिले. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या झुंजीत ते तिसरे आले, आणि गिरींचा निकालही दुसऱ्या पसंतीच्या मतांवर लागला. देशमुख निवडून येण्याचा संभव नव्हताच. पण रेड्डी की गिरी या गदारोळात त्यांची पात्रता कुणी धड तोलूनही पाहिली नाही, याची खंत वाटते. ते मराठी होते म्हणून नव्हे. २००७ साली प्रतिभाताई पाटील मराठी म्हणून शिवसेनेने आघाडीची चौकट मोडून त्यांना मते दिली. ठीक आहे, पण मराठीपण हा निकष दर वेळी कसा चालेल?

महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराचे मत १७५ मूल्याचे, २८८ जणांचे मिळून ५०,४००. या निवडणुकीत पक्षादेश बजावता येत नाही आणि मतदान गुप्त असते. उमेदवार मुंबईत येतात, आमदारांना भेटतात, हार घेतात, चहा होतो, फोटो निघतो. त्या चहाच्या वेळी एखाद्या आमदाराने उठून विचारावे: त्रिशंकू लोकसभा आली तर तुम्ही आधी कोणाला बोलावाल, आणि का? मंत्रिमंडळाच्या ठरावाशिवाय रात्री कागद आला तर काय कराल? दयेचा अर्ज किती दिवस टेबलावर ठेवाल? उत्तर टाळले गेले, तरी कसे टाळले गेले ते सर्वांना दिसेल.