'ड्रॉप आउट' : सोडणे की सुटणे?

शाळेच्या जनरल रजिस्टरात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. स्मरणिकेच्या निमित्ताने जुनी रजिस्टरे चाळताना त्या रकान्यात काही ठिकाणी आमच्याच अक्षरात 'ड्रॉप आउट' असा शेरा आढळला, आणि आम्ही थबकलो.

'ड्रॉप आउट' हे इंग्रजीतील फ्रेजल व्हर्ब. शर्यत, स्पर्धा किंवा अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच त्यातून बाहेर पडणे, हा त्याचा अर्थ. कशातून, हे सांगावयाचे असल्यास पुढे 'ऑफ' लागते : 'शी ड्रॉप्ड आउट ऑफ स्कूल'. दोन्ही शब्द जोडून 'ड्रॉपआउट' लिहिले की त्याचे नाम होते. मग ती त्या मुलाची ओळखच होऊन बसते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या अर्थी हे क्रियापद अकर्मक आहे. जो बाहेर पडला तोच कर्ता. त्याला कोणी ढकलले काय, हे सांगण्यास वाक्यात जागाच नाही. त्यासाठी 'पुश आउट' हे सकर्मक क्रियापद घ्यावे लागते : 'शी वॉज पुश्ड आउट'.

मराठीत हा भेद अधिक सहज आहे. 'तिने शाळा सोडली' आणि 'तिची शाळा सुटली' ही दोन वाक्ये आपल्या आयाबाया कधी एक मानीत नाहीत. सरकारी कागदांतील 'गळती' मात्र झाडाच्या पानासारखी, आपोआप होणारी! दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेले लेकरू 'गळले' असे म्हणावे काय?

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हिशेब मांडला : प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात. त्यांनी दोष मुलांना दिला नाही. सरकारकडे अधिक खर्चाची मागणी केली.

स्वतः बाबासाहेब १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून परतले. त्यांच्याविषयी 'ड्रॉप्ड आउट' म्हणणे चूक ठरेल. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. इंग्रजीत 'द स्कॉलरशिप रॅन आउट'. येथे कर्ता शिष्यवृत्ती आहे, विद्यार्थी नव्हे. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आता त्या रकान्यात आम्ही पूर्ण वाक्य लिहितो : मूल कोणासोबत, कोणत्या कामास गेले आणि त्याला परत आणावयास कोण गेले होते. जुन्या शेऱ्यांतील मुलामुलींपैकी कोणाचा ठावठिकाणा माजी विद्यार्थ्यांस माहीत असल्यास त्यांनी तो शाळेच्या कार्यालयात जरूर कळवावा. त्या वेळी नेमके काय घडले, हे आम्हाला त्यांनाच विचारावयाचे आहे.