शहर शिवेवर आलें असतां : नगररचनेचें संशोधन कसें आंखावें

शेतकऱ्याचा मुलगा शेतकी महाविद्यालयांत गेला, वकील झाला किंवा स्थापत्यशास्त्र शिकला, तर घरांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु मुलानें अगर मुलीनें नगर व प्रादेशिक नियोजन या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास नांव घातलें कीं वडील मंडळी विचारतात, "हें शिक्षण शहर बांधण्याचें कीं शेत मोडण्याचें?" प्रश्न तिखट आहे, तरी अस्थानीं नाहीं. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमाच्या शेवटीं विद्यार्थ्यास संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. हाच विद्यार्थी पुढें एखाद्या नियोजन कार्यालयांत बसून नकाशावर रंग भरणार असतो. शेतीचा हिरवा रंग कोठें राखावयाचा, वस्तीचा पिवळा कोठें द्यावयाचा, रस्ता कोणाच्या गटांतून न्यावयाचा, हें ठरविण्यांत त्याचा हात असणार. म्हणून त्याचें पहिलें संशोधन कसें आंखलें जातें याकडे जमीनधारक शेतकऱ्यानें लक्ष दिलें पाहिजे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्या संशोधनाचा प्रश्न एखाद्या गांवाच्या बांधापर्यंत उतरत नाहीं, तें नियोजनकाराच्याहि उपयोगी पडत नाहीं आणि शेतकऱ्याच्याहि नाहीं.

याचा उत्तम दाखला आपल्याच मुलखांत आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्रमुख डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची आपल्या सहकाऱ्यांसह पाहणी केली व ती १९१७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. या गांवची जमीन या गांवच्या कुटुंबांस पोसते कीं नाहीं, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. उत्तरासाठीं त्यांनीं जुने कागद चाळले आणि घरोघरचा जमाखर्च मांडला. १७७१ सालीं सरासरी धारण ४० एकरांची होती, १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ सालीं अवघी सात एकर उरली, असें त्यांस आढळलें. १५६ जमीनधारकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकीं ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. हे आंकडे शंभर वर्षांनंतरहि अभ्यासक पुढें मांडतात, कारण ते एका शिवारांत चालून गोळा केलेले आहेत.

मॅन तेवढ्यावर थांबले नाहींत. पिंपळे सौदागर शहराच्या व खडकीच्या कारखान्याच्या जवळ असल्यामुळें तेथील स्थिति अपवादात्मक तर नसेल, असा आक्षेप येणें साहजिक होतें. म्हणून त्यांनीं शहरापासून दूर असें जातेगांव बुद्रुक हें कोरडवाहू गांव घेऊन तीच पाहणी पुन्हा केली आणि ती १९२१ सालीं प्रसिद्ध झाली. एका गांवास दुसरें गांव तोलून पाहण्यासाठीं लागतें, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यानें गांठीशीं बांधून ठेवण्याजोगी आहे. त्याच सुमारास, १९१४ सालीं, पॅट्रिक गेडिस हे हिंदुस्थानांत आले. त्यांनीं अनेक शहरें पायीं फिरून पाहिलीं आणि आधीं पाहणी, मग आराखडा, हा आग्रह धरला.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आहे आणि जेथें ते ७२९ तुकडे मोजले गेले, तेथें उंच इमारती उभ्या आहेत. मॅन यांनीं विचारलें, जमीन कुटुंबास पोसते काय? आतां प्रश्न असा आहे कीं, जमीन शहरांत गेल्यावर त्या कुटुंबाचें काय होतें? हा प्रश्न आज पुणें, नाशिक, नागपूर, छत्रपति संभाजीनगर अशा प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेच्या गांवांपुढें उभा आहे.

आतां प्रत्यक्ष आंखणीकडे वळूं. विद्यार्थी प्रथम जें शीर्षक घेऊन मार्गदर्शकाकडे जातो, तें बहुधा "शहरीकरणाचा शेतीवर परिणाम" अशा थाटाचें असतें. असल्या शीर्षकाखालीं सर्व कांहीं मावतें आणि हातीं कांहीं लागत नाहीं. त्याऐवजीं प्रश्न असा अरुंद करावा: "एकाच गांवांत, विकास आराखड्यांत आरक्षण पडलेल्या गटांची आणि न पडलेल्या शेजारच्या गटांची दहा वर्षांत काय गत झाली?" दहा वर्षें धरण्यास कारण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ प्रमाणें अंतिम आराखडा अंमलांत आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाहीं, तर मालकास खरेदीची नोटीस देतां येते. त्या मुदतींत जमीन धड विकतां येत नाहीं, धड सुधारतां येत नाहीं, असें शेतकरी सांगतात. तें कितपत खरें आहे? आरक्षित गटांत नवी विहीर पडली काय? ठिबक संच बसला काय? कर्ज मिळालें काय? या प्रश्नांचीं उत्तरें मोजतां येतात, आणि जें मोजतां येतें तेंच पुढें हरकतीच्या अर्जांत टिकतें. नुसती तक्रार टिकत नाहीं.

प्रश्न ठरल्यावर साधनें पाहावीं, आणि प्रत्येक साधनाचें वैगुण्य आधींच जाणून घ्यावें. सातबारा उताऱ्यांतील नमुना सात हक्क दाखवितो व नमुना बारा पीक दाखवितो. परंतु २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करूं लागला, त्यापूर्वींची नोंद तलाठ्याकडची. तेव्हां २०२१ च्या अलीकडील व पलीकडील आंकडे डोळे मिटून एका रेषेंत जोडूं नयेत. फेरफारावरून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली तें कळतें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची दोनवरून खरेदीची किंमत कळते, पण कागदावरील किंमत आणि हातीं पडलेली किंमत एकच असते असें आमचे वाचकहि म्हणणार नाहींत. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याप्रमाणें जेथें एकत्रीकरण झालें, तेथें जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. यांचा मेळ आधीं घातला नाहीं, तर दोन पिढ्यांची तुलना फसते.

उपग्रहाच्या चित्रांचा मोह विद्यार्थ्यांस फार असतो. तीं चित्रें उपयोगी आहेत यांत शंका नाहीं, परंतु त्यांचें माप आपल्या मापांत करून पाहावें. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहमालेच्या सर्रास वापरांतील चित्रांत एक ठिपका ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असतो, म्हणजे ९०० चौरस मीटर किंवा जवळजवळ नऊ गुंठे. अर्ध्या एकराचें वावर अशा दोन-अडीच ठिपक्यांत संपतें. त्यांत ऊस होता कीं पडीक होतें, हें त्या चित्रावरून छातीठोकपणें कसें सांगणार? २०१५ पासून मिळूं लागलेल्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत लहानांत लहान ठिपका १० मीटरांचा, म्हणजे सुमारें एक गुंठ्याचा असतो. तीं अधिक बरीं, पण २०१५ पूर्वींचा काळ त्यांत नाहीं. म्हणून चित्र पाहून झाल्यावर शिवारफेरी चुकत नाहीं.

तुलनेसाठीं मगरपट्ट्याचेंहि उदाहरण घेतां येईल. पुण्याजवळ हडपसर येथें सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणांत भाग घेऊन तेथें नगर वसविलें. या कामांत श्री. सतीश मगर यांचा पुढाकार होता. मगरपट्टा, लवासा व खेड येथील जमिनींच्या स्थित्यंतरांचा अभ्यास करणारें साई बालकृष्णन यांचें इंग्रजी पुस्तक २०१९ सालीं प्रसिद्ध झालें आहे. हें उदाहरण ऐकून प्रत्येक गांवास वाटतें कीं आपणहि असेंच करूं. परंतु विद्यार्थ्यानें विचारावें: तेथें कोणत्या गोष्टी होत्या ज्या आपल्या गांवांत नाहींत? भाऊबंदांचा एकोपा, जमिनीची सलगता, शहराचें सान्निध्य, भांडवल उभें करण्याची ऐपत, यांपैकीं एक जरी नसली तरी फळ निराळें येईल. आणि भाग मालकांस मिळाला, तर त्याच शेतांवर राबणारा मजूर व वाटेकरी कोठें गेला? सातबाऱ्यावर त्याचें नांव नसतें. ज्या बहिणींनीं हक्कसोडपत्र करून दिलें, त्यांचेंहि नांव उरत नाहीं. संशोधन केवळ कागदावर चाललें तर हीं माणसें हिशेबांतून गळतात. म्हणून मुलाखतींच्या यादींत खातेदारांबरोबर यांसहि जागा ठेवावी.

कालाची आंखणी हा शेवटचा, पण महत्त्वाचा मुद्दा होय. महाविद्यालयाचें सत्र आणि शेताचा हंगाम यांची जुळणी क्वचितच होते. मृगांत, पेरणीच्या गर्दींत, प्रश्नावली घेऊन बांधावर उभ्या राहणाऱ्यास खरें उत्तर मिळण्याची आशा कमीच. पावसाळ्यांत कचेरींतील कागद, नकाशे व वाचन उरकावें. पांच-सहा घरीं जाऊन प्रश्नावली आधीं तपासून पाहावी, म्हणजे कोणता प्रश्न लोकांस कळत नाहीं व कोणता विचारणेंच गैर आहे तें उमजतें. रब्बीची कापणी उरकून चैत्र-वैशाखांत शिवार मोकळें झालें कीं मुख्य पाहणी करावी. चाळीस कुटुंबें घ्यावयाचीं तर तीं निम्मीं आरक्षित गटांतील व निम्मीं बाहेरचीं असावींत. ओळखीच्या घरांचीच यादी करूं नये. ज्याच्याकडे माहिती मागावयाची त्यास ती कशासाठीं हवी तें आधीं सांगावें, त्याची संमति घ्यावी, आणि कोणाचा व्यवहार नांवानिशीं छापूं नये.

आमच्या वाचकांचें कर्तव्यहि सांगितलें पाहिजे. विद्यार्थी दारांत आला म्हणजे तो सरकारी माणूस किंवा दलाल असेल अशा संशयानें त्यास परत लावूं नये. महाविद्यालयाचें पत्र पाहून खात्री मात्र करून घ्यावी. पटल्यास उतारे व विहिरीची, कर्जाची, विक्रीची खरी हकीकत सांगावी. त्याच्याकडून मात्र एक वचन घ्यावें कीं, प्रबंध सादर करण्यापूर्वीं त्याचा सारांश सोप्या मराठींत ग्रामसभेंत वाचून दाखवीन आणि एक प्रत ग्रामपंचायतींत ठेवीन. पुणें महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां हजारोंनीं हरकती दाखल झाल्या. अशा वेळीं गांवाच्या दप्तरांत गट-निहाय तपासलेली एखादी पाहणी असेल, तर हरकतीस वजन येतें. नसेल, तर अर्जांच्या ढिगांत आणखी एक अर्ज पडतो इतकेंच.

ज्या गांवांच्या शिवेवर अद्याप शहर आलेलें नाहीं, त्यांनीं तर हें काम आजच करून घ्यावें. मॅन यांची पाहणी मोलाची ठरली, कारण ती पिंपळे सौदागर शेतीचें गांव होतें तेव्हांच झाली. आराखड्याचा कागद पंचायतीच्या फळ्यावर लागल्यावर मागील दहा वर्षांचा हिशेब कोणास आठवूं म्हटल्यानें आठवत नाहीं. आपल्या गांवचा कोणी मुलगा अगर मुलगी हें शास्त्र शिकत असेल, तर तिनें वा त्यानें पहिलें संशोधन परमुलखांत न करतां आपल्याच शिवारापासून सुरू करावें, आणि वडील मंडळींनीं त्यास बसावयास घोंगडी व पाहावयास दप्तर द्यावें.