कच्चा मध : पारख आणि पाककृती

गार्डन रीचला बदलून आलेल्या मराठी कुटुंबांना कोलकात्याच्या बाजारातला सुंदरबनचा मध भेसळीचा वाटण्याचा संभव असतो, कारण तो पातळ असतो. वस्तुतः तो आग्या मधमाशीचा मध. खारफुटीच्या दमट हवेत त्यात पाण्याचा अंश अधिक राहतो. वसंतात खलसी फुलली की ‘मौले’ वन खात्याचा परवाना घेऊन वाघाच्या राज्यात शिरतात. सारेच परततात असे नाही. २०२४ साली या मधाला भौगोलिक मानांकन मिळाले.

पाणी अधिक म्हणून हा मध लवकर आंबतो. झाकण घट्ट व चमचा कोरडा असावा. थंडीत मध रवाळ झाल्यास तो फेकू नये, बाटली कोमट पाण्यात ठेवावी.

स्वयंपाकात साखरेऐवजी मध वापरताना माप पाऊणच घ्यावे आणि दूध-पाणी थोडे कमी करावे. केक लवकर करपतो, म्हणून आच मंद हवी. मधाच्या वड्या मात्र पडत नाहीत; हौशींनी खुशाल करून पाहावे! रानफुलांचा गंध हवा असेल, तर शिकरणात वा सरबतात तो शेवटी घालावा. उकळत्या चहात त्या गंधाचे पैसे वाया जातात.

नवजात बालकाला मध चाटवण्याची आपली जुनी प्रथा मात्र सोडावी. मधात क्वचित बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. ते वर्षाखालील बाळाच्या आतड्यात वाढून विष निर्माण करतात आणि घरगुती उकळीने मरत नाहीत. बारशाला येणाऱ्या आजींना हे आधीच सांगून ठेवावे.